खान्देशातून ओर्का आणि देवमासे पाहायला: कुठे, कोणत्या महिन्यात, कसल्या बोटीतून

पांझराकाठ

राम राम मंडळी. ओर्का कुठे दिसतो, किती दिवस लागतात, वयस्कर माणसांना झेपेल का, हे प्रश्न सहलींच्या धाग्यांत विखुरलेले असतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून निघणाऱ्यांसाठी सगळं एका जागी आणतोय. चुकलं तर दुरुस्त करा, राहिलं असेल ते जोडा.

ओर्का पाहायला देश निवडू नका, त्याचं ताट कुठे वाढलंय ते शोधा. इंग्रजीत त्याला किलर व्हेल म्हणतात, आपण देवमासा म्हणतो, पण तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यांत मोठा प्राणी. नर ६ ते ८ मीटर, क्वचित ९. थंड समुद्रापासून उष्ण समुद्रापर्यंत सगळीकडे आहे, तरी बऱ्याच टोळ्यांचं खाणं ठरलेलं असतं आणि ते आईकडून पिल्लाकडे जातं. काही समुद्रांत तर मासे खाणारी टोळी सील खात नाही, सील खाणारी माशांच्या मागे लागत नाही. त्यामुळे भक्ष्य ज्या महिन्यात जिथे जमतं, तिथेच बोटीत बसण्यात अर्थ आहे.

उत्तर नॉर्वेत हे भक्ष्य म्हणजे हेरिंग मासा, आपल्या तारलीचा नातलग. हिवाळ्यात त्याचे प्रचंड थवे फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या लांब खाड्यांत, येऊन थांबतात आणि ओर्का, कुबड्या देवमासे (हंपबॅक) त्यांच्या मागे येतात. हंगाम साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. हेरिंग आपली थांबायची जागा काही वर्षांनी बदलतो, हे विसरू नका. पूर्वी टिसफ्योर्ड प्रसिद्ध होतं, मग ट्रॉम्सो शहराजवळचे फ्योर्ड, २०१७ नंतर शेर्वॉय गावाजवळचे. म्हणून जुनं प्रवासवर्णन वाचून हॉटेल ठरवू नका. मागच्या हिवाळ्यात बोटी कोणत्या बंदरातून सुटत होत्या ते आधी विचारा.

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सेलिश समुद्र हे दुसरं ठिकाण, मे ते सप्टेंबर. तिसरं ऑस्ट्रेलियातलं ब्रेमर बे, पर्थहून रस्त्याने सुमारे ५०० किमी, जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. तिथे किनाऱ्यापासून बरंच आत समुद्राच्या तळाला खोल दरी आहे, तिथे ओर्का जमतात. अख्खा दिवस उघड्या समुद्रात जातो आणि लाटा मोठ्या असतात, म्हणून बोट लागणाऱ्यांनी हे ठिकाण पहिल्याच वेळी घेऊ नये. चौथं अर्जेंटिनातलं पुंता नोर्ते. तिथे मार्च-एप्रिलमध्ये ओर्का सी-लायन या सीलसारख्या प्राण्याची पिल्लं पकडायला मुद्दाम वाळूवर चढतो. हे किनाऱ्यावरूनच पाहायचं असतं, बोटीची गरज नसते.

वाघूर

उत्तम सुरुवात. नॉर्वेबद्दल दोन प्रश्न. नोव्हेंबर की जानेवारी? आणि ट्रॉम्सोत राहून रोज जायचं की शेर्वॉयलाच मुक्काम करायचा?

पांझराकाठ

नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. काळोख नसतो, दुपारच्या आगेमागे तीन-चार तास निळसर संधिप्रकाश मिळतो, पण त्यात बोटीने जाऊन यायचं असतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उजेड जास्त मिळतो आणि सूर्य क्षितिजावर टेकलेला असल्याने रंग सुंदर पडतात. जोखीम एकच, हेरिंग उशिरा आला तर पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही. १० ते २० नोव्हेंबर हा मधला मार्ग बरा.

मुक्कामाचं उत्तर माणसांवर आहे. ट्रॉम्सोहून मोठी बंद केबिनची बोट जाते. एका बाजूला तीन-चार तास, म्हणजे पूर्ण दिवस, आणि त्यातला प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ दोन तासांच्या आसपास. शौचालय, गरम पेय, बसायला गादी मिळते. आई-वडील बरोबर असतील तर हेच. शेर्वॉयला राहिलात तर रबरी कडांच्या लहान वेगवान बोटीतून अर्ध्या तासात प्राण्यांजवळ पोचता येतं, पण त्या बोटीत घोड्यासारखं खोगीर असतं, पाठीला दणके बसतात, आडोसा काहीच नसतो. कंबरदुखी, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर या बोटीत बसू नका, चांगले चालक घेतही नाहीत.

तारखांच्या मागे-पुढे किमान दोन दिवस मोकळे ठेवा. वाऱ्यामुळे फेरी रद्द होणं तिथे नेहमीचं आहे. "दिसेलच, नाहीतर" असं लिहिलेल्या हमीचा अर्थ बहुतेक वेळा दुसरी फेरी फुकट असा असतो, पैसे परत असा नाही. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर ती हमी कागदावरच राहते. बुकिंगआधी हे वाक्य नीट वाचा.

नॉर्वेला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध हवा आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची फेरी धरूनच चाला.

तोरणमाळ

थंडीबद्दल लिहितो, कारण ४५ अंशांत वाढलेल्या माणसाचा अंदाज इथेच चुकतो. हवामान शून्य ते उणे पाच दाखवतं, पण धावत्या उघड्या बोटीवर वाऱ्यामुळे अंगाला उणे पंधराच्या आसपास वाटतं. बोटवाले वरून तरंगणारा जाड सूट देतात. आतलं आपलं.

आतला थर लोकरीचा हवा, मेरिनो उत्तम. सुती बनियन अजिबात नको. जेटीवर चालताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि बोट सुटली की तेच ओलं कापड अंग गारठवतं. त्यावर फ्लीस किंवा जाड स्वेटर. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, कारण दोन मोजे घालून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. हातमोजे दोन जोड: आत पातळ, वर चार बोटं एकत्र असलेले जाड. फोटोसाठी वरचे काढता येतात आणि कातडी उघडी पडत नाही. कानटोपी बांधायच्या नाडीची. नुसती टोपी वाऱ्याने समुद्रात जाते.

गिरणामाय

बोट लागण्याबद्दल, कारण अर्ध्या लोकांची सहल इथे बिघडते.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे केबिनच्या स्थिर भिंतीकडे पाहून सांगतात की हलत नाही. या भांडणातून मळमळ होते. म्हणून केबिनमध्ये मान खाली घालून मोबाइल पाहणं सगळ्यांत वाईट. बोटीच्या मध्यभागी, थोडं मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर उभं राहा आणि क्षितिजाकडे पाहा. पुढचं टोक सगळ्यांत जास्त वर-खाली होतं. दुर्बिणही सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त लावू नका.

गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, पोटात टिकतच नाही. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री किंवा निघण्याआधी एक-दोन तास घेतात. तिने झोप येते, तिच्यावर मद्य चालत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झोप किती येते हे घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी तपासून पाहा, तीन तास डुलक्या घेत ओर्का पाहण्यात काय अर्थ.

खाण्याचं सांगते. आदल्या रात्री शेवभाजी, ठेचा, तेलाचा तवंग असलेलं भरीत नको. पण उपाशी पोटीही जाऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. आपल्या दुधात मळलेल्या दशम्या यासाठी फार चांगल्या: कोरड्या, मऊ, दोन दिवस टिकतात. कोकणात जाणार असाल तर बरोबर केळी घ्या. आलेपाकाची वडी चघळायला ठेवा. आणि उलटी आलीच तर वारा पाठीवर येईल त्या कडेला जा, नाहीतर सगळं अंगावर येतं.

वाघूर

मस्त माहिती शे. आमच्याकडे बरेच जण सिएटलला लेक-जावयाकडे तीन-चार महिने जातात. त्यांच्यासाठी कुणी सविस्तर लिहील का?

सातपुडा_पायथा

लिहितो. सिएटलहून ॲनाकोर्टेसला गाडीने, तिथून फेरीबोटीने सॅन व्हान बेटावरच्या फ्रायडे हार्बरला. बेटाच्या पश्चिम कडेला लाइम किल्न नावाचं सरकारी उद्यान आहे, तिथे खडकावर बसून ओर्का पाहता येतो. बोट लागणाऱ्यांनी तिथे डबा घेऊन पूर्ण दिवस काढावा. बोटीच्या फेऱ्या फ्रायडे हार्बर, ॲनाकोर्टेस आणि कॅनडात व्हिक्टोरिया, व्हँकुव्हर इथून निघतात. कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, हे लक्षात ठेवा.

इथे दोन वेगळ्या टोळ्या आहेत आणि हा फरक कळला की पाहण्याची मजा दुप्पट होते. पहिले दक्षिणेचे रहिवासी, जे, के आणि एल या तीन कुटुंबांचे. सगळे मिळून पंचाहत्तरच्या आसपास. ते चिनूक सामन मासा खातात. २००५ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत. सामन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला परत त्याच नदीत चढतो. नदीवर धरण आलं की चढण थांबते. हतनूर आणि उकाई पाहिलेल्याला हे चित्र वेगळं समजवावं लागत नाही. याच भागातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, त्यामागे सामनसाठी नदी मोकळी करणं हेच कारण होतं. स्नेक नदीवरच्या धरणांचा वाद अजून चालू आहे. २०१८ मध्ये यातल्याच जे-३५ या मादीने मेलेलं पिल्लू सतरा दिवस नाकावर वाहून नेलं.

वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून या कुटुंबांपासून १००० यार्ड, म्हणजे साधारण ९१५ मीटर दूर राहणं सगळ्या बोटींना बंधनकारक आहे. एवढ्या अंतरावरून फक्त पाठीवरचे पर दिसतात. म्हणून आता व्यावसायिक बोटी दुसऱ्या टोळीकडे जातात, बिगचे ओर्का. हे सील आणि सी-लायन खातात, त्यांना खाणं भरपूर मिळतं आणि संख्या वाढते आहे. १९७० च्या दशकात पाठीवरच्या परावरच्या खुणांच्या फोटोंवरून एकेक ओर्का ओळखायची पद्धत मायकल बिग यांनी बसवली, त्यांच्या नावावरून हे नाव. फेरीआधी चालकाला "आज कोणती टोळी आहे" असं विचारा. नीट उत्तर देणारा चालक बहुधा बाकीचे नियमही पाळतो.

ओळखायचं असं: पाठीवरचा पर सरळ काठीसारखा, माणसाएवढा उंच असेल तर मोठा नर, १.८ मीटरपर्यंत जातो. लहान, मागे वाकलेला असेल तर मादी किंवा वयात न आलेला नर. परामागचा करडा डाग, ज्याला खोगीर म्हणतात, तो प्रत्येकाचा वेगळा. टोळीत सगळ्यांत पुढे बहुतेक वेळा म्हातारी मादी असते, आणि रहिवासी टोळ्यांत मुलगे आयुष्यभर आईबरोबरच राहतात.

गिरणामाय

एक शंका वारंवार येते: ओर्का बोटी उलटवतो का? २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर एक लहान टोळी शिडाच्या बोटींची सुकाणूं मोडते, त्यात काही बोटी बुडाल्याही. हा प्रकार त्या टोळीपुरता आहे. खुल्या समुद्रातल्या ओर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. किलर व्हेल हे नाव तो इतर देवमाशांची शिकार करतो म्हणून पडलं.

तोरणमाळ

इथे माझं वेगळं मत मांडतो. समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसाने पहिलीच फेरी नॉर्वेची करू नये. खर्च मोठा, थंडी मोठी, आणि पाण्यात काय पाहायचं हेच डोळ्याला माहीत नसतं. आधी कोकण, मग श्रीलंका, मग ओर्का असा क्रम ठेवा.

कोकणात हर्णै-मुरूड, तारकर्ली-देवबाग, निवती या पट्ट्यात जो डॉल्फिन दिसतो तो कुबड असलेला, करडा, लांब चोचीचा. उथळ पाण्यात किनाऱ्याजवळच राहतो. टोळी लहान असते. श्वासाला वर येताना आधी चोच, मग पाठीचं कुबड, मग त्यावरचा छोटा पर असं दिसतं आणि नाहीसा होतो. पुढची वेळ काही मिनिटांनी, तिथेच असेल असं नाही. उड्या मारणाऱ्या डॉल्फिनची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल.

ऑक्टोबर ते मार्च, सकाळी सात ते नऊ. दहानंतर समुद्रावरून वारा सुटतो, लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्या फेसात लहान पर ओळखणं अशक्य होतं. पाणी आरशासारखं असेल तर नवख्यालाही दिसतो. आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहा: लाट एक मीटरच्या आत आणि वारा दहा नॉटच्या (ताशी साधारण १८ किमीच्या) आत असेल तर जा. पावसाळ्यात कुणी "नेतो" म्हणालं तरी नको.

श्रीलंकेत मिरिस्सा, डिसेंबर ते एप्रिल, निळा देवमासा. तिथे समुद्राचा तळ किनाऱ्यापासून जवळच एकदम खोल जातो, म्हणून जगातला सगळ्यांत मोठा प्राणी चार-पाच तासांच्या फेरीत दिसू शकतो. बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटतात. मे ते सप्टेंबरमध्ये मोसमी वाऱ्याने दक्षिण किनारा खवळतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीला जायचं. श्रीलंकेच्या समुद्रात ओर्का अधूनमधून दिसतो, पण त्याच्यासाठी तिकीट काढू नका.

फवाऱ्यावरून ओळखायला शिका. निळ्याचा उंच सरळ खांब, नऊ मीटरपर्यंत. कुबड्याचा रुंद झुडपासारखा. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे झुकलेला. तो एकदा बुडाला की पाऊण-एक तास वर येत नाही, त्यामुळे शेपूट दिसल्यावर पुढच्या पाच मिनिटांत परत दिसेल म्हणून थांबू नका.

सातपुडा_पायथा

क्रम पटला. कॅमेऱ्याचं थोडक्यात टाकतो. दुर्बीण ७×५० किंवा ८×४२. दहापट किंवा जास्तीची हलत्या बोटीवर निरुपयोगी, चित्र थरथरतं. उन्हातल्या समुद्रात शटर १/१६०० ते १/२०००, लेन्स १००-४०० मिमी. नॉर्वेच्या संधिप्रकाशात ७०-२०० ची मोठ्या छिद्राची लेन्स, शटर १/८००, आयएसओ ३२०० ते ६४००. प्राणी तिथे जवळ येतात, लांब लेन्सपेक्षा उजेड महत्त्वाचा. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत, थंडीत ती भराभर उतरते.

केबिनमध्ये परतण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर आतली दमट उबदार हवा थंड काचेवर पाणी होऊन बसते, लेन्सच्या आतही. उष्ण प्रदेशातून गेलेले लोक ही चूक हमखास करतात.

पांझराकाठ

आता बोटीने कसं वागायला हवं ते, कारण पैसे देणारा आपण असतो आणि चालक आपल्या दबावाखालीच वागतो.

योग्य रीत अशी: प्राण्याच्या बाजूने, थोडं मागून, त्याच्या दिशेला समांतर आणि त्याच्याच वेगाने. समोरून आडवं जायचं नाही, अगदी पाठीमागूनही नाही. श्रीलंकेसह बऱ्याच ठिकाणी किमान अंतर १०० मीटर. तिथे पोचलं की इंजिन न्यूट्रलमध्ये. प्राणी स्वतःहून जवळ आला तर न्यूट्रलमध्येच थांबायचं. दोन बोटींनी दोन बाजूंनी कोंडायचं नाही. ओर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासा शोधतो. इंजिनाच्या गोंगाटात त्याचा टप्पा कमी होतो आणि तेवढ्याच माशांसाठी त्याला जास्त भटकावं लागतं.

प्राणी अचानक दिशा बदलतोय, पाण्याखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतोय, शेपूट वारंवार आपटतोय, पिल्लाला मध्ये घेऊन टोळी घट्ट होतेय, असं दिसलं तर तो त्रासलाय. अशा वेळी चालकाला "भाऊ, मागे घ्या" म्हणायला लाजू नका. नॉर्वेत हेरिंगच्या गोळ्यावर शेपूट मारणं मात्र शिकारीचा भाग आहे. तिथे माशांना गोल घेरून शेपटीने बधिर करून खातात.

ओर्काबरोबर पाण्यात उतरायच्या फेऱ्यांबद्दल विचारणा येते. माझं स्पष्ट मत, नको. खाण्यात गुंतलेल्या प्राण्यासमोर दहा-दहा माणसं उडी मारतात आणि त्याची शिकार मोडते. त्याऐवजी पाण्याखालचा मायक्रोफोन असलेली बोट निवडा. प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी असते, ती ऐकायला मिळते.

वाघूर

कोकणातल्या बोटीत चढताना काय पाहायचं?

तोरणमाळ

सागरी मंडळाचा परवाना आणि बोटीवर रंगवलेली प्रवासी संख्या. मोजा, एक जरी जास्त असेल तर उतरा. जॅकेट वजनाच्या मापाचं, शिट्टी लावलेलं, आणि मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसला की पाण्यात मूल खाली सरकतं आणि जॅकेट तेवढं वर राहतं.

आणि वेळ तिथीवरून काढा. पंचांग आपल्या घरी असतंच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबई-कोकणातली भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीच्या तोंडातून बोट बाहेर पडणार असेल तर ओहोटीच्या ऐन जोरात नको. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट उभी राहते आणि लहान बोट तिथेच पालथी होते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी मध्यावर असते. भांगेचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, असल्याने ओढ कमी, तरी बाहेर सहा-सातला पडा.

गिरणामाय

ज्यांना बोट झेपतच नाही त्यांच्यासाठी जामनगरजवळचं नरारा. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं, देशातलं पहिलं. सुरत-भुसावळ मार्गाने सौराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याकडूनच जातात, कोकणापेक्षा हे सोपं पडतं. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि प्रवाळांमधून चालत जाता येतं: अष्टपाद, फुगा मासा, समुद्रफूल, खेकडे. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या लागतो. पायाला घट्ट बांधले जातील असे जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात. प्रवाळावर पाय देऊ नका, वाळू पाहून टाका.

तिथीचं गणित मात्र तिथे लावू नका. आखात लांब आणि निमुळतं असल्याने भरती उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा, कारण तेव्हा पाणी सगळ्यांत दूर जातं, आणि घड्याळाची वेळ तिथल्या वनखात्याकडूनच घ्या. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी आत शिरा आणि पाणी फिरताच परत निघा. सपाट तळावर भरती चालणाऱ्याच्या मागून नाही, बाजूच्या खळग्यांतून येते.